ताउनो मालकांची जागा

इर्या मोइलानेनला कुणी "जमेल का?" असं विचारलं, की तिचं टाळकं सटकायचं. कधी पाहिजे, कुठे पाहिजे, किती खोल पाहिजे, ते विचारा ना. जमेल का म्हणजे काय? एकतीस वर्षं बाई पोकलेनच्या केबिनमध्ये बसत होती. रशियाच्या हद्दीला टेकलेल्या त्या सगळ्या जंगलपट्ट्यात असं एक घर दाखवा, ज्याचा पाया, ज्याची पाण्याची पाइप, नाहीतर ज्याच्या संडासाची टाकी तिने खणली नाही. आणि ज्यांची घरं तिने खणली, त्यांतल्या बऱ्याच जणांची शेवटची जागाही तिनेच खणली होती.

त्यामुळे बुधवारी सकाळी चर्चच्या दफनभूमीची देखभाल करणारा कालेवी फोनवर म्हणाला, "इर्या, ताउनो मालकांची कबर शनिवारी सकाळपर्यंत हवीय, जमेल का?" तेव्हा तिने आधी कॉफीचा घोट घेतला, मग उत्तर दिलं.

"कालेवी, तू इथे येऊन तीन हिवाळे झालेत. मी एकोणीस हिवाळे या दफनभूमीत खणतेय. कुणी माणूस माझ्यामुळे ताटकळलाय, असं ऐकलंस कधी?"

"तसं नाही गं. पण थंडी बघ ना. आठवडाभर पारा उणे तेहतीसवर जाऊन बसलाय. शनिवारी दोन दफनं आहेत, एक मालकांचं आणि एक पोस्टातल्या बाईंचं. जमीन तापवायचा हीटर आपल्याकडे एकच, तो कालच पोस्टातल्या बाईंच्या जागेवर लावलाय."

"राहू दे तिथेच. मालकांचं मी दातावर काढते."

दात म्हणजे बकेट उतरवून पोकलेनच्या हाताला लावायचा हातभर लांब पोलादी सुळा. गोठलेली जमीन त्याने ओरबाडून ओरबाडून फोडायची. ब्रेकर लावला असता तर काम लवकर झालं असतं, पण शेजारच्या गावी ठोकून फोडणाऱ्या त्या ब्रेकरच्या हादऱ्याने कबरींवरचे दोन दगड तडकले होते, आणि तेव्हापासून चर्चच्या मंडळाने ब्रेकरला बंदीच केली होती.

"आणि नाही झालं तर?" कालेवी चिवट होता. "रायलीने सांगितलंय, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत काय ते कळवा. नदीकडच्या नव्या भागात शरदात खणून, फळ्या टाकून ठेवलेली एक जागा आहे. तिथे ठेवता येईल त्यांना."

ताउनो हे जुने शेतमालक, म्हणून गाव त्यांना मालकच म्हणायचं. रायली ही त्यांची एकुलती लेक, औलू शहरात असायची.

"आणि त्यांच्या लेम्पीबाई इकडे जुन्या भागात एकट्या?"

"नाहीतर मग जमीन सुटेस्तोवर, मे महिन्यापर्यंत, शवगृहात थांबायचं."

"शुक्रवारी बाराच्या आत खड्डा तयार असेल. रायलीला आत्ताच सांग," असं म्हणून इर्याने फोन ठेवला.

एवढं ठणकावून सांगितलं खरं, पण फोन ठेवल्यावर ती टेबलाशी तशीच बसून राहिली. समोर तिचा नवरा उंतो राईच्या भाकरीवर लोणी फासत होता. धंदा तिचा, डंपर आणि ट्रेलर तो चालवायचा. तीस वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की इर्या कॉफी थंड होऊ देत असेल तर काहीतरी बिनसलंय.

"किती खोल गोठली असेल?" त्याने विचारलं.

"दीड मीटर. जास्तही असेल. रोज झाडायचे ना ते."

हे तिथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. बर्फ म्हणजे जमिनीवरची गोधडी. पहिल्या हिमापासून जिथे कुणी पाऊल ठेवलं नाही, तिथे फेब्रुवारीतही जमीन वीतभर गोठते, कधी तेवढीही नाही. आणि जिथून बर्फ काढलं, तिथे थंडी सरळ खाली उतरते. म्हणून या मुलखात एक उरफाटी गोष्ट होते. ज्या कबरीकडे कुणी फिरकत नाही, ती हिवाळ्यात लोण्यासारखी खणता येते. ज्या कबरीवर माणसं जीव टाकतात, झाडतात, पुसतात, मेणबत्त्या लावतात, तिच्या शेजारची जमीन लोखंड होऊन बसते. बायको गेल्यावर नवरा तिची जागा हिवाळाभर लख्ख ठेवतो, आणि पुढे त्याच्या स्वतःच्या वेळी खणणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. इर्याने असे पाच-सहा नवरे खणले होते.

ताउनो मालक तर रोजचेच. त्यांच्या बायकोला, लेम्पीबाईंना, जाऊन दोन वर्षं झाली. चौऱ्याऐंशीचं वय, पण हा माणूस पायाने ढकलायची घसरगाडी घेऊन तीन किलोमीटर जायचा नि यायचा. कधी खाडा नाही.

पण इर्याला खात होतं ते हे नव्हे. खात होतं ते ऑक्टोबरातलं.

ऑक्टोबरात, जमीन अजून मऊ असताना, ताउनो मालक सायकलवरून तिच्या अंगणात आले होते. नेहमीसारखी कॉफी घेतली, कॉफीत चीजचे तुकडे टाकून चमच्याने खाल्ले, पोकलेन ज्यांवर चालतो त्या नव्या पट्ट्यांची चौकशी केली. जरा वेळाने म्हणाले, "इर्या, तुझ्याकडे त्या फोमच्या पाट्या आहेत ना? लोकांना हिवाळ्यात घर बांधायचं असतं तेव्हा जमिनीवर अंथरतेस त्या."

"आहेत की. कुठे बांधताय काय?"

"माझ्या जागेवर अंथरून ठेव. लेम्पीच्या उजव्या हाताला. हा हिवाळा मला निघेलसं वाटत नाही. थंडीत गेलो तर तुला त्रास नको."

इर्याला एकदम कसंसंच झालं. आणि कसंसं झालं की ती हसायची, ही तिची खोड. "मालक, असल्या कामाचं बुकिंग मी घेत नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला पोचवून मग जाल. आणखी चीज घ्या."

मालकांनी तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. आणखी चीज घेतलं, सायकलवर बसले आणि गेले. पुढे तो विषय त्यांनी काढला नाही आणि तिनेही काढला नाही. नोव्हेंबरात ती साठ किलोमीटर लांब जंगलात लाकडाच्या गाड्यांसाठी रस्ता करायच्या कामावर गेली, ती थेट आता परतली होती. आणि मालक आपल्या बोलण्याला जागले. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी, एक बूट घालून, दुसरा हातात धरून, दारातल्या बाकावर बसल्या बसल्या गेले.

"तुला पहिलं काम त्यांनीच दिलं होतं ना?" उंतो म्हणाला.

"बटाट्याचं तळघर," इर्या म्हणाली. "सत्तावीस वर्षांची होते. मशीन उधारीचं. बाकी सगळे विचारत होते, तुझा बाप किंवा नवरा येणार आहे का मशीन चालवायला. यांनी विचारलं, कधी येतेस."

"मग आता कॉफी पी."

"चार पाट्या होत्या, उंतो. शेडमध्ये नुसत्या पडून आहेत अजून. अर्ध्या तासाचं काम होतं. एवढं एकच मागितलं त्या माणसाने, आणि मी दात काढले."

उंतो उठला. त्याने तिच्या कपातली थंड कॉफी ओतून दिली आणि गरम भरली.

शुक्रवारी सकाळी सातला ते दफनभूमीच्या फाटकाशी पोचले. आठ टनांचा धाकटा पोकलेन ट्रेलरवर होता. त्याचं इंजिन इर्याने रात्रभर विजेच्या हीटरवर ठेवलं होतं. ट्रेलरवरून उतरवल्यावरही तिने त्याला वीस मिनिटं नुसतं हळूहळू हात वर-खाली करायला लावलं. थंडीत तेल घट्ट असताना मशीन दामटलं की पाइप फुटतात, आणि उणे तेहतीसात फुटलेली पाइप बदलताना माणूस आपल्या सगळ्या पूर्वजांना आठवतो. पट्ट्यांना तिने रबराचे जोड लावले होते, दगडांना धक्का नको म्हणून. सांडलेल्या पाण्यावर किंवा ओल्या मातीवर मशीन उभं करायचं नाही, पट्ट्या गोठून चिकटतात, फळ्यांवर करायचं, हेही तिने उंतोला सांगितलं. उंतोने ते हजारव्यांदा ऐकून घेतलं.

"मला आजच कळलं हे," तो म्हणाला.

"मग लक्षात ठेव."

कालेवी दोन्ही हात काखेत दाबून उभा होता. मिशीवर बर्फ साचलेलं. तो मूळचा दक्षिणेकडचा. तिकडे समुद्रकाठी आठ-दहा अंश खाली गेलं की लोक पेपरात पत्रं लिहितात. माणूस सालस होता, कामाला वाघ होता, फक्त जमिनीच्या बाबतीत त्याचा सगळा भरवसा हीटरवर होता.

मालकांची जागा झाडाखालच्या तिसऱ्या ओळीत होती. इर्याने तिथे जाऊन पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. सगळं कसं लख्ख. लेम्पीबाईंचा दगड, त्याच्यापुढची जागा, उजव्या हाताची मालकांची जागा, सगळं झाडून वाळू दिसेपर्यंत मोकळं केलेलं. वरच्या वाळूवर तिने पहारीचं टोक आपटून पाहिलं. दगडावर मारल्यासारखा टण्‌ आवाज आला.

"ऐकलंस?" ती उंतोला म्हणाली.

"ऐकलं. किती तास?"

"सहा. बारा वाजता रायलीला फोन जायचाय, म्हणजे पाचसुद्धा नाहीत." तिने वर्तुळात एक चक्कर मारली, लेम्पीबाईंच्या कडेपासून पावलं मोजली, पहारीने वाळूवर रेघ ओढली. "कालेवी, बाजूला हो. गोठलेलं ढेकूळ उडालं तर तुझी मिशी घेऊन जाईल."

मनातून तिला हुरूपही आला होता, हे खोटं कशाला सांगा. चूक आपली आहे ना, मग निस्तरायचीही आपणच. दीड मीटर लोखंड तर दीड मीटर लोखंड. आधी उभ्या रेघा, मग आडव्या, मग एका कोपऱ्यातून दात खाली घालून वर उचकटायचं. गोठलेली जमीन वरून ठोकली तर दाद देत नाही, पण खालून उचकटली तर फरशीसारखी मोडते. फक्त तो पहिला कोपरा सुटेस्तोवर दम धरावा लागतो. असले पहिले कोपरे तिने शेकड्यांनी सोडवले होते. घाई केली तर दात मोडतो आणि भीती बाळगली तर दिवस जातो.

ती केबिनमध्ये चढली, टोपी मागे सारली आणि दाताचं टोक रेघेवर टेकवलं. मशीनचा सगळा भार हळूच त्याच्यावर घातला. पोकलेनचा पुढचा भाग जरासा उचलला गेला, म्हणजे जमीन उलटी भिडली होती. "चल," इर्या म्हणाली.

आणि दात कट्‌ करून आत गेला.

आत गेला म्हणजे पार खाली गेला, अख्खाच्या अख्खा. पोकलेन पुढे आदळला आणि इर्याचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं.

तिने चटकन हात मोकळा सोडला. एवढ्या वर्षांत अशा वेळी तिच्या मनात एकच भीती यायची, की खाली पोकळी आहे. आपण कुणाच्या तरी जागेत घुसलो. तिने मशीन तसंच ठेवलं, खाली उडी मारली आणि गुडघ्यावर बसली. दाताने पडलेल्या भोकाच्या कडेला वाळूचा गोठलेला पापुद्रा दिसत होता. पापुद्राच. वीतभर, जेमतेम. त्याच्या खाली पिवळी, ओलसर वाळू होती. इर्याने हातमोजा काढला आणि हात आत घातला. वाळू बोटांना चिकटली. मुठीत घेऊन दाबली तर तिचा गोळा झाला. उणे तेहतीसात, रोज झाडलेल्या जागेवर, फेब्रुवारीच्या मध्याला.

ती कितीतरी वेळ तो गोळा हातात घेऊन बसली. हात बधिर व्हायला लागला तेव्हा उंतोने तिचा मोजा तिच्यापुढे धरला.

"कालेवी, इकडे ये," ती म्हणाली. "या जागेवर काय होतं?"

"काही नाही. काय असणार?"

"मंगळवारी, सोमवारी, महिन्याभरापूर्वी. इथे काय होतं?"

कालेवीने पायाने बर्फ उकरलं. "मी मंगळवारी ट्रॅक्टरने साफ केली जागा. पाहुणे येणार, म्हटलं नीट दिसावं."

"काय साफ केलंस?"

"ढीग होता. बर्फाचा."

"केवढा?"

त्याने हात छातीला लावला. मग जरा विचार करून हनुवटीला लावला.

"आणि तो ढीग कुणी केला?"

"मालकांनीच," कालेवी म्हणाला. आता तो ताकास तूर लागू द्यायला तयार नव्हता, पण इर्याने त्याच्यावर डोळे रोखले तेव्हा नाइलाजाने बोलू लागला. "नोव्हेंबरपासूनच. लेम्पीबाईंची जागा झाडायचे आणि ते बर्फ इकडे आपल्या जागेवर टाकायचे. मला वाटलं, ठीक आहे, कुठेतरी टाकायलाच हवं. मग वाटेवरचं टाकायला लागले. जानेवारीत बर्फ कमी पडलं, तर घसरगाडीला टब बांधून पार्किंगमधून आणायला लागले. रोज पाच-सहा खेपा. मी म्हटलं, मालक, कशाला एवढं? तर म्हणाले, बरं. आणि पुन्हा टब घेऊन गेले."

"फावड्याने थापटायचे का तो ढीग?"

"अजिबात नाही. मी एकदा वर चढून सारखा करायला गेलो तर माझ्यावर खेकसले. म्हणाले, उतर खाली, दाबू नकोस, भुसभुशीतच राहू दे." कालेवीने मान खाली घातली. "मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं गेलं. खरं सांगतो, मला काळजी वाटली. थंडीत कुठे पडले-बिडले तर? म्हणून मी रायलीला फोन करून सांगितलं. तुझे वडील कबरीवर बर्फ वाहतात म्हणून. तिलाही तेच वाटलं."

इर्या मशीनच्या पट्टीवर बसली. तिला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस कसा विचित्र आवाज काढतो, तसा तिने काढला. उंतोने दुसरीकडे पाहिलं. चार फोमच्या पाट्या तिने दिल्या नाहीत, म्हणून चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाने हिवाळाभर घसरगाडीवर टब टब बर्फ वाहून स्वतःच्या मरणाची जागा मऊ ठेवली होती. कुणाला बोलला नाही. कुणाला दोष दिला नाही. गाव हसलं असेल, तर हसू दिलं. इर्याला फार लाज वाटली.

"थापटू नकोस म्हणाले," ती उंतोला म्हणाली. "बघ. दाबलं की ऊब जाते, हे त्यांना ठाऊक होतं. तळघराच्या झाकणावर हिवाळ्यात बर्फ कसं ठेवायचं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. एकतीस वर्षांपूर्वी."

"मी ढीग काढायला नको होता का?" कालेवीने विचारलं.

"अजून तीन दिवस राहू दिला असतास तर वीतभरही गोठलं नसतं." मग त्याचा पडलेला चेहरा पाहून ती म्हणाली, "तुझी काय चूक. जिला सांगायला पाहिजे होतं, तिला सांगायला ते माझ्या अंगणात आले होते. तिने ऐकलं नाही."

ती उठली, नाक पुसलं आणि दात उतरवून बकेट लावली.  घर खणताना जितकं सरळ खणत नसेल, तितकं सरळ तिने ते खणलं. चारही कोपरे काटकोनात, भिंती तासलेल्या. लेम्पीबाईंच्या बाजूला तर ती खाली उतरली आणि शेवटचं हातभर अंतर फावड्याने काढलं. खणलेली वाळू गोठू नये म्हणून उंतोने तिच्यावर ताडपत्री आणि शेडमधून आणलेल्या फोमच्या पाट्या घातल्या. दुसऱ्या दिवशी पेटी खाली गेल्यावर ती वाळू गावकऱ्यांना फावड्यांनी ओढायची होती, ती मऊ राहायला हवी होती. पाट्या शेवटी मालकांच्या जागेवर आल्या त्या अशा.

साडेनऊला काम संपलं. कालेवीने रायलीला फोन लावला.

"झालं," तो म्हणाला. "हो, आईशेजारीच." मग जरा थांबून, "नाही, त्रास झाला नाही," म्हणाला, आणि इर्याकडे चोरून पाहिलं.

शनिवारी दफन रीतसर झालं. सहा जणांनी दोरांवर पेटी उतरवली, पुरुषांनी कोट काढून फावडी घेतली आणि वाळू ओढली. आत पडताना ती खुळखुळली नाही, ढेकळं वाजली नाहीत. म्हाताऱ्यांपैकी एक-दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. असली वाळू फेब्रुवारीत त्यांनी पाहिली नव्हती. ओइवा नावाचे एक गृहस्थ, ज्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं आणि म्हणून जे फार मोठ्याने बोलायचे, ते पाळकाच्या प्रार्थनेच्या मधोमध म्हणाले, "इर्याने ही उन्हाळ्यात खणून ठेवली होती की काय?" आणि त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं.

नंतर सगळे चर्चच्या सभाघरात जेवायला जमले. हरणाच्या मांसाचं सूप, राईची भाकरी, केक, आणि कॉफी तर हंडेच्या हंडे. तिथली रीत अशी, की जेवण झालं की शोकाचे आलेले संदेश वाचतात आणि मग कुणाला काही बोलायचं असेल तर बोलायचं. सहसा कुणी बोलत नाही. चार-दोन माणसं खाकरतात, खुर्च्या सरकवतात आणि कॉफीकडे वळतात. इर्या तर अशा ठिकाणी मूग गिळून बसणारी. म्हणून ती उठून उभी राहिली तेव्हा उंतोच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"काल मला दोन-तीन जणांनी शाबासकी दिली," ती म्हणाली. "ही कबर मी साडेनऊच्या आत खणली म्हणून. ती शाबासकी मी परत करते. मालकांनी ऑक्टोबरात मला सांगितलं होतं, जागेवर पाट्या घाल. मी हसले. मग त्यांनी ते काम स्वतः केलं. हिवाळाभर बर्फ वाहून ढीग केला आणि त्याखाली जमीन गोठू दिली नाही. मी फक्त वाळू बाहेर काढली. एवढंच सांगायचं होतं." आणि ती बसली.

 समोरच्या टेबलाशी रायली बसली होती, काळा पोशाख, केस घट्ट बांधलेले, सकाळपासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली. ती उठली आणि सगळ्यांसमोरून चालत इर्याच्या टेबलाशी आली.

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "बर्फ कशासाठी वाहत होते ते?"

"जमीन मऊ राहावी म्हणून."

"म्हणजे त्यांना कळत होतं ते काय करतायत?"

"रायली, त्या ढिगावर चढू नको, दाबू नको, असं ते कालेवीला म्हणाले. माझ्याकडे काम करणाऱ्या निम्म्या लोकांना हे कळत नाही. तुझ्या बाबांचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर होतं."

रायली खुर्ची ओढून बसली. तिने हात टेबलावर ठेवले. "मी डॉक्टरची वेळ घेतली होती," ती म्हणाली. "डोकं तपासायला. घर बंद करून औलूला न्यायचं ठरवलं होतं. जानेवारीत त्यांना फोनवर म्हटलं, बाबा, गाव हसतंय, बर्फ वाहणं बंद करा, नाहीतर मी येऊन घसरगाडी घेऊन जाईन. ते म्हणाले, बरं." तिचा आवाज फुटला. "महिनाभर मी त्यांच्याशी वेड्याशी बोलावं तसं बोलले, इर्या. हळूहळू, मोठ्याने. ते ऐकून घेत होते. मला का सांगितलं नाही त्यांनी?"

इर्याने तिच्या हातावर हात ठेवला. तिचा हात खडबडीत होता आणि नखांत अजून पिवळी वाळू होती.

"सांगितलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस?"

रायलीने मान वर केली. खोटं बोलणं त्या घराण्यात नव्हतं. "म्हटलं असतं, बाबा, असलं काहीतरी बोलू नका."

"मीही तेच म्हटलं होतं."

तेव्हा रायली रडली. चारचौघांत, सभाघराच्या मधोमध, लहान मुलीसारखी हमसून हमसून, आणि कुणी तिला गप्प केलं नाही. कालेवी कॉफीचा हंडा घेऊन उभा होता, त्याला तो कुठे ठेवावा हे सुचेना.

जरा वेळाने शेजारच्या टेबलावर काठी आपटल्याचा आवाज आला. हिल्याआजी, वय एक्याण्णव, गावात सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांच्यासमोर कुणी मरणाचं नाव काढलं की त्यांच्या सुना "चहा घेता का?" असं विचारून विषय बदलायच्या. आजही थोरली सून लगबगीने उठायला लागली होती. आजींनी काठी तिच्यापुढे आडवी धरली आणि तिला बसवलं.

"इर्या," त्या म्हणाल्या, "पाट्या किती आहेत तुझ्याकडे?"

"आणखी आणता येतील, आजी."

"मग माझी जागा लिहून घे. दुसरी ओळ, पाइनच्या झाडाखाली. ऑक्टोबरात घालायच्या. आणि मला बरं-बिरं म्हणायला लावू नकोस."

"काय म्हणाली ती?" ओइवांनी बायकोला विचारलं. बायकोने कानात सांगितलं. "मग आमच्याही दोन लिही," ते सगळ्या सभाघराला ऐकू जाईल असं म्हणाले. "शेजारी शेजारी. हिची भिंतीकडची."

इर्याने कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली, संदेशांच्या रिकाम्या पाकिटावर रेघ ओढली. या खेपेला ती हसली नाही. मान वर करून तिने हिल्याआजींना विचारलं, "झाडाच्या डाव्या बाजूला की उजव्या?"